किल्ली उंदरांनीच वाहिली

कार्टूनपट म्हणजे पोरांची करमणूक, चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी वॉल्ट डिस्नेचा ‘सिंड्रेला’ (१९५०) एकदा डोळसपणे पाहावा. त्या घराच्या भिंतीआड उंदरांचे एक स्वतंत्र जग नांदते. मालकिणीच्या खिजगणतीत ते नाही. हे उंदीर सावत्र बहिणींनी टाकून दिलेले मणी नि पट्टा गोळा करून सिंड्रेलाच्या आईचा जुना पोशाख नव्याने शिवतात. ‘हे तर आमचे’ म्हणत त्या बहिणी तो फाडून टाकतात. मग परी अवतरते, कांडी फिरवते आणि आयता पोशाख देते. आणि ज्यांनी टाका टाका घातला, त्या उंदरांचे काय होते? त्यांना घोडे बनवून गाडीला जुंपले जाते!

यवतमाळ जिल्ह्याला ही कथा परकी वाटू नये. साऱ्या जगाचे अंग झाकणारा कापूस येथे वेचला जातो, पण वेचणारी बाई कापडाच्या झगमगत्या दुकानात कोणाला दिसत नाही. तिची मजुरी किलोवर मोजली जाते, वाकलेली पाठ मोजली जात नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा कोठे शहरांना कळले की बोंडाआड माणसे असतात.

अशा वेळी परी येतेच. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत दोष पुष्कळ होते. तरी भावाचा काही आधार होता. तो मोडीत निघाला. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज आले. २०१४ साली आर्णी तालुक्यातील दाभडीत चहाबरोबर आश्वासने वाटली गेली. कांडी धरणारे हात बदलले. आत्महत्या थांबल्या नाहीत. कर्जात बुडालेल्या घराला मदत नको, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु थकलेले व्याज माफ केल्याने पुढच्या हंगामाचा तोटा माफ होत नाही. उत्पादनखर्च आणि भाव यांतील दरी कायम आहे तोवर बाराचे टोले पडणारच आणि गाडीचा भोपळा होणारच.

हे चित्रपट रेखाटणारे हातही असेच पडद्याआड होते. १९४१ साली डिस्नेच्या स्टुडिओतील कलाकार-कामगारांनी संप केला, तेव्हा मालकाला त्यांच्या संघटनेला मान्यता द्यावी लागली. ती काही कोणा परीची देणगी नव्हती.

खुद्द चित्रपटही शेवटी हेच सांगतो. जादू संपल्यावर सिंड्रेला माळ्यावर कोंडली जाते. तेव्हा दोन उंदीर मालकिणीच्या खिशातून किल्ली काढतात आणि एकेक पायरी चढवीत वर नेतात. मांजर आडवे येते, तेव्हा पाखरे आणि कुत्राही मदतीला धावतात. परीचा तेथे मागमूस नसतो.

आपल्या आंदोलनांनीही आत्मपरीक्षण करावे. कापसाच्या भावाची मागणी पहिल्या ओळीत आणि वेचणाऱ्या बाईच्या मजुरीची शेवटच्या ओळीत, ही रीत किती दिवस चालवायची? अल्पभूधारक, फवारणी करणारा मजूर आणि वेचणारी बाई एका संघटनेत आल्याखेरीज ही जड किल्ली जिन्यावरून वर जाणार नाही. पोरांच्या ध्यानात परीची कांडी राहते. कार्यकर्त्यांनी तरी किल्ली ध्यानात ठेवावी.