भैरप्पांचा मराठी मृत्युलेख

२०२५ हे वर्ष तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मृत्युलेख वाचण्यातच गेले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १३ एप्रिलला लीमा येथे मारियो वार्गास योसा गेले. २० मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर. २८ मे रोजी अमेरिकेत केनियाचे न्गूगी वा थिओंगो. आणि २४ सप्टेंबरला बंगळूर येथे एस. एल. भैरप्पा. या चारही नावांपुढे जो मजकूर प्रसिद्ध झाला, तो वाचताना एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येत राहिला. लेखक एका भाषेत लिहितो आणि अनेक भाषांत वाचला जातो. मग त्याचा मृत्युलेख कोणत्या भाषेतला असतो? म्हणजे केवळ शब्द कोणत्या भाषेतले, एवढेच नव्हे. कोणत्या भाषेची स्मृती तो लेख लिहीत असते?

न्गूगींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. इंग्रजीतली आपली प्रतिष्ठा बाजूला ठेवून हा लेखक गिकुयू भाषेकडे वळला. तुरुंगात असताना शौचालयातल्या कागदावर त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली, आणि ती १९८० साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडील विद्यापीठांत मात्र न्गूगी ओळखले जातात ते १९८६ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी निबंधसंग्रहामुळे. ज्या भाषेसाठी त्यांनी इंग्रजी सोडली, त्या भाषेतला त्यांचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी, अनुवादातून का होईना, हाती घेतला आहे? सिद्धान्त घ्यावा आणि ज्यातून सिद्धान्त उगवला ती कृती सोडून द्यावी, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे.

भैरप्पांच्या बाबतीत मराठीची अवस्था नेमकी उलट आहे. आपण कृती घेतल्या, भरभरून घेतल्या. पण त्या कृतींभोवती कन्नडमध्ये उसळलेला वाद सीमेपलीकडेच ठेवला.

म्हैसुरात राहून ही गोष्ट अधिक प्रकर्षाने जाणवते. भैरप्पा या शहराचे रहिवासी. येथील विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले, हुबळी, गुजरात आणि दिल्ली येथे अध्यापन करून ते येथेच परतले आणि १९९१ मध्ये येथील शिक्षण महाविद्यालयातूनच निवृत्त झाले. त्यांचे पार्थिव बंगळूरहून येथे आणण्यात आले आणि चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, ते दसऱ्याच्या उत्सवात. तो दसराही नेहमीसारखा नव्हता. २२ सप्टेंबरला त्याचे उद्घाटन बानू मुश्ताक यांच्या हस्ते झाले होते, आणि त्या निमंत्रणावरूनच राज्यात मोठा गदारोळ माजला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी भैरप्पा गेले. कन्नड साहित्यातील दोन परस्परविरोधी टोके एकाच आठवड्यात एकाच नगरात अशी समोरासमोर आली. हे ज्याला ठाऊक नाही त्याला भैरप्पांच्या निधनाचा कन्नड अर्थ कळणे कठीण आहे. आणि बहुसंख्य मराठी वाचकांना ते ठाऊक नव्हते.

मराठी वाचकाचे भैरप्पा निराळे आहेत. ते ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘मंद्र’ यांचे भैरप्पा. वाचनालयात ज्यांच्या जाडजूड कादंबऱ्यांची पाने हाताळून मऊ पडलेली असतात ते. आपल्या समीक्षेत ‘कोसला’पासून सुरू झालेली चर्चा देशीवादाच्या वळणाने चालली असताना, सामान्य मराठी वाचक मुकाट्याने एका कन्नड कादंबरीकाराला आपलासा करीत होता. समीक्षेने याची पुरेशी नोंद घेतली नाही. लोकप्रिय म्हणजे विचारार्ह नव्हे, ही आपली जुनी सवय!

हे आपलेपण कशातून आले, याचा विचार झाला पाहिजे. ‘पर्व’ कन्नडमध्ये १९७९ साली आली. दैवी चमत्कार बाजूला सारून, नियोग, कुलाची शुद्धी, वार्धक्य आणि युद्धाचा शीण यांच्या अंगाने महाभारत सांगणारी ही कादंबरी सुरू होते ती शल्याच्या मद्र देशात, हस्तिनापुरापासून दूर. अशा कथनासाठी मराठी मनाची मशागत आधीच झालेली होती. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. ‘युगान्त’ने महाभारतातील माणसांना मानववंशशास्त्राच्या उजेडात माणसे म्हणूनच उभे केले होते. त्याच वर्षी आलेल्या ‘मृत्युंजय’ने नेमका विरुद्ध मार्ग धरला आणि कर्णाला तेजोवलय बहाल केले. मराठीत ‘पर्व’ अवतरली तेव्हा हे दोन्ही मार्ग वाचकाच्या परिचयाचे होते; ‘युगान्त’मध्ये निबंधरूपाने वाचलेले त्याला येथे कादंबरीरूपाने भेटले. कन्नड वाचकाची ‘पर्व’कडे येण्याची वाट पंप आणि कुमारव्यास यांच्यावरून जाते, आपली इरावतीबाईंवरून. म्हणूनच ती एक असूनही दोन कादंबऱ्या आहेत, असे म्हणावेसे वाटते.

‘वंशवृक्ष’चेही असेच. १९६५ मधली ही कादंबरी नंजनगूड आणि म्हैसूर या दोन गावांच्या दरम्यान घडते. मध्ये आगगाडीचा तासाभराचा प्रवास आहे. विधवा कात्यायनी कपिलेच्या काठचे सासर आणि म्हैसूरचे महाविद्यालय यांमध्ये ये-जा करते, आणि तेवढ्या अंतरात तिचे आयुष्य दुभंगते. विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न मराठी कादंबरीला हरिभाऊंपासून परिचित आहे. परंतु ज्या वंशाच्या अभिमानावर श्रीनिवास श्रोत्रियांचे सारे आचरण उभे आहे, तो वंश आपला नव्हेच, हे त्यांना उतारवयात कळावे, ही कलाटणी आपल्या सुधारणावादी कादंबरीच्या आवाक्याबाहेरची होती. ‘गृहभंग’ (१९७०) मधली नंजम्मा निकम्म्या नवऱ्याच्या शानभोगपणाचे दप्तर स्वतः लिहिते, प्लेगात मुले गमावते. कुळकर्ण्यांची दप्तरे आणि प्लेगची साथ ज्या समाजाच्या आठवणीत आहेत, त्याला यात परके असे काय वाटावे?

या सर्वांचा मराठी आवाज मुख्यतः उमा कुलकर्णी यांचा आहे. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करावा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवावा, ही त्यांच्या घरातील कार्यपद्धती प्रसिद्ध आहे. म्हणजे मराठी भैरप्पा आधी कानांनी ऐकले गेले, मग लिहिले गेले. त्यांच्या मराठी संवादांना जी बोलीची लय आहे, तिचे मूळ येथे शोधता येईल काय? अनुवादाच्या एखाद्या अभ्यासकाने यावर प्रबंध लिहायला हवा. साहित्य अकादमीने ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी उमाताईंचा सन्मान केला. बानू मुश्ताक यांच्या कथासंग्रहाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला तेव्हा पन्नास हजार पौंडांची रक्कम त्यांच्यात आणि अनुवादिका दीपा भास्ती यांच्यात समान वाटली गेली. पुरस्काराच्या व्यवहारात अनुवादकाचा अर्धा वाटा मान्य होऊ लागला आहे. मृत्युलेखात मात्र तो अजून कंसातच येतो. मराठीत जे गेले ते दोघांच्या हातचे होते, हे मृत्युलेखाने पहिल्या परिच्छेदातच सांगावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

आता वादाविषयी. २००७ मध्ये आलेल्या ‘आवरण’वर यू. आर. अनंतमूर्ती यांनी कठोर टीका केली. भैरप्पा कादंबरीकार नव्हेत, वाद घालणारे आहेत, असा तिचा रोख होता. पुढे २२ ऑगस्ट २०१४ रोजी अनंतमूर्ती गेले तेव्हा कर्नाटकात काही ठिकाणी फटाके उडवले गेल्याच्या बातम्या आल्या. लेखकाच्या मृत्यूवर फटाके! ज्या भाषेत असे घडते तेथे मृत्युलेख म्हणजे शिष्टाचार राहत नाही. प्रत्येक शब्द बाजू घेतो. असे विष मराठीत यावे असे कोण म्हणेल? परंतु विषाच्या भीतीने मतभेदच गाळून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. योसांच्या मृत्युलेखांत त्यांचे डावीकडून उजवीकडे जाणे आले, १९९० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील पराभव आला, गार्सिया मार्केस यांच्यावर उगारलेली मूठही आली. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या लहान झाल्या नाहीत.

आणि यासाठी लीमापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आगरकर १८९५ साली गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिले, गोखले १९१५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या चितेसमोर टिळक बोलले. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याविषयी हे घडले, आणि ते भांडण कोणी विसरल्याचे सोंग आणले नाही. मराठी मृत्युलेखाचे हे घराणे आहे. ‘पोकळी निर्माण झाली’ आणि ‘कधीही न भरून येणारी हानी’ या वाक्यांचे घराणे त्यानंतरचे.

‘आवरण’ मराठीतही वाचली जाते. तिच्याविषयी मौन पाळून केवळ ‘पर्व’चे गुणगान करणे, किंवा तिच्यामुळे ‘पर्व’कडेच पाठ फिरवणे, या दोन्ही गोष्टी सध्या आपल्याकडे चालतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘आवरण’मध्ये पात्रे निष्कर्षासाठी राबतात; लेखकाला काय सिद्ध करायचे आहे ते आधी ठरलेले आहे आणि माणसे त्यामागून चालतात. ‘गृहभंग’मध्ये नंजम्मा काहीही सिद्ध करीत नाही. ज्या लेखकाने मुंबईत काही काळ रेल्वेस्थानकावर हमाली केली, ज्याची आई आणि भावंडे त्याच्या लहानपणीच गेली, त्याला दारिद्र्य हे विचारसरणीतून शिकावे लागले नव्हते, आणि ते ज्ञान ‘गृहभंग’च्या पानापानांत आहे. ‘पर्व’मध्ये ते कमी असले तरी विद्वत्तेने झाकले गेलेले नाही. ‘मंद्र’ हिंदुस्थानी संगीतामुळे आपल्याला प्रिय झाली, पण गायकाच्या वासनेचा हिशेब ती गरजेपेक्षा अधिक वेळा मांडते. ‘वंशवृक्ष’चा श्रोत्रियांकडचा भाग टिकेल, इतिहासाच्या प्राध्यापकाकडचा कदाचित नाही. हे निर्णय चुकीचे वाटत असतील तर त्यांचे खंडन मराठी पाठ समोर ठेवूनच व्हावे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला भैरप्पा तोच आहे.