नदीचा तळ म्हणजे फरशी नव्हे! पुण्याच्या पुराच्या चर्चेत सुटलेला मुद्दा

२५ जुलै २०२४. खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. तेव्हापासून पाऊस वाढला की पुण्यात नदीकाठ सुधार प्रकल्पाचा विषय निघतोच. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचं हे काम. पात्र अरुंद होणार का, झाडं किती जाणार, यावर जोरात वाद चालू आहे.

मी सिव्हिलवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे ग्रुपवर पुराच्या सिम्युलेशनचा व्हिडिओ आला की मला वेगळाच प्रश्न पडतो: या मॉडेलने नदीचा तळ काय धरलाय?

तळाशी नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं, पाणी वरून वाहतं आणि खाली गोटे नुसते पडलेले असतात. तसं नाहीये. गोट्यांच्या फटींतही पाणी असतं आणि ते सतत वर-खाली होत असतं. वरचा प्रवाह खळाळता असतो, त्यात भोवरे असतात. एखादा भोवरा वेगवान पाणी खाली ढकलतो, दुसरा फटींतलं संथ पाणी वर खेचतो. या पाण्याबरोबर ऑक्सिजन खाली जातो. गोट्यांवरचे जीवाणू त्यावर जगतात आणि पाण्यातली घाण खातात. म्हणजे नदीचा हा फुकटातला फिल्टरच! या थराला १९५९ मध्ये ट्रायन ऑर्गिदान या रोमानियन शास्त्रज्ञाने ‘हायपोऱ्हेइक’ असं नाव दिलं.

कॉम्प्युटरला हे जड का जातं?

वाळू-खडीतून झिरपणाऱ्या संथ पाण्याचा नियम हेन्री डार्सीने १८५६ मध्येच मांडला. वरच्या प्रवाहाला नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं आहेत. दोन मॉड्यूल तयार आहेत, घोळ होतो तो इंटरफेसवर. आम्हा कोडवाल्यांना हे दुखणं चांगलंच माहीत आहे! १९६७ मध्ये बीव्हर्स आणि जोसेफ यांनी प्रयोगातून दाखवलं की सच्छिद्र थराच्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही, ते तिथेही सरकत असतं. पण खळाळत्या नदीत हे गणित फारच अवघड होतं. फटी मिलिमीटरच्या आणि नदी किलोमीटरची. प्रत्येक फट मोजायची म्हटलं तर सुपरकॉम्प्युटरही दमेल.

मग सगळं एका आकड्यात

म्हणून पुराच्या मॉडेलमध्ये सहसा तळाचा सगळा खडबडीतपणा ‘मॅनिंगचा n’ या एका आकड्यात कोंबतात. खडीच्या तळाला साधारण ०.०३, गुळगुळीत काँक्रीटला ०.०१३. उतार आणि खोली तीच ठेवली तर काँक्रीटवर वेग दुपटीहून जास्त येतो. कागदावर काँक्रीट जिंकतं: पाणी लवकर निघून जातं. पण ते खालच्या वस्तीत तितक्याच लवकर पोचतं. आणि फिल्टर बंद पडला, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. पूर किती चढेल हे काढायला n चालतो, पण नदी जिवंत राहील का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

या प्रकल्पात तळाला काँक्रीट घालणार आहेत, असं मी म्हणत नाहीये. पण शहरातले काँक्रीटने बांधून काढलेले ओढे-नाले आपण रोज बघतो. शिवाय फटी बुजायला काँक्रीटच लागतं असंही नाही. गाळ, सांडपाणी आणि राडारोडा तेच काम करतात.

आपण काय विचारायचं?

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. तळासाठी n किती धरलाय? तो प्रत्यक्ष मोजून घेतलाय की पुस्तकातून उचललाय? आणि काम झाल्यावर गोट्यांच्या फटी मोकळ्या राहणार आहेत का?

पहिल्या दोन प्रश्नांवर एकतानगरीसारख्या वस्त्यांची सुरक्षितता अवलंबून आहे. तिसरा नदीसाठी आहे, आणि तो आपणच विचारायला हवा.