गॅस कटिंग बंद असतानाही स्फोट कसा होतो? समजून घ्या

१३ फेब्रुवारी २०१८ ची सकाळ. कोची शिपयार्डमध्ये दुरुस्तीसाठी आलेल्या ओएनजीसीच्या 'सागर भूषण' या जहाजावर कामगार कामाला लागले आणि काही वेळातच स्फोट झाला. पाच जणांचा जीव गेला. गॅस कटिंगसाठी आत नेलेल्या उपकरणांतून गळलेला अ‍ॅसिटिलिन वायू बंदिस्त जागेत साठून राहिला होता, असं प्राथमिक तपासात समोर आलं.

गॅस कटिंग म्हटलं की आपल्याला ज्योतीची आणि ठिणग्यांची भीती वाटते. पण ज्योत पेटलेली असते तेव्हा वायू जळून जात असतो. तो साठतो ज्योत विझल्यावर, व्हॉल्व्ह नीट बंद केला नसेल तर.

किती गळती धोकादायक?

हवेत अ‍ॅसिटिलिनचं प्रमाण अडीच टक्के झालं तरी मिश्रण पेटू शकतं, आणि ८० टक्क्यांपर्यंत ते पेटण्याजोगंच राहतं. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत साधारण २८ हजार लिटर हवा मावते. तिचे अडीच टक्के म्हणजे ७०० लिटर. मोठ्या सिलिंडरमध्ये सहा-सात हजार लिटर वायू असतो. म्हणजे सिलिंडरचा दहावा भाग गळला तरी अख्खी खोली पेटू शकते. मग दिव्याचं बटण दाबताना उडणारी ठिणगीही पुरेशी ठरते.

मग एलपीजी सुरक्षित आहे का?

नाही. एलपीजी साधारण दोन टक्क्यांपासून पेट घेतो. शिवाय तो हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे तो वर निघून न जाता खड्डे, गटारं, तळघर आणि जहाजाच्या तळाशी साचतो. अनेक ठिकाणी घरगुती सिलिंडर कटिंगसाठी वापरले जातात. ते बेकायदा तर आहेच, धोकादायकही आहे.

ऑक्सिजनचं काय?

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग भडकवतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. गळतीमुळे हे प्रमाण थोडं जरी वाढलं, तरी कपडे झपाट्याने पेट घेतात. म्हणूनच ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नसतं, आणि अंगावरची धूळ झटकायला ऑक्सिजन वापरायचा नसतो.

काय काळजी घ्यायची?

• जेवणाच्या सुट्टीत आणि काम संपल्यावर सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा. फक्त टॉर्चचा बंद करून भागत नाही.
• पाईप आणि टॉर्च बंदिस्त जागेत रात्रभर ठेवू नका.
• सकाळी आत शिरण्याआधी हवा खेळती करा आणि गॅस डिटेक्टरने तपासणी करा. वासावर विसंबू नका, नाक लवकर सरावतं.
• गळती शोधायला साबणाचं पाणी वापरा, काडी कधीच नको.
• ज्योत उलटी पाईपमध्ये शिरू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर बसवा.
• अ‍ॅसिटिलिनचा सिलिंडर उभाच ठेवा. त्यात वायू अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा केला तर ते द्रव बाहेर येऊ शकतं.

देशात गॅस सिलिंडरसाठी २०१६ चे नियम आहेत आणि त्यावर देखरेख करणाऱ्या 'पेसो' या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण संध्याकाळी घरी निघताना व्हॉल्व्ह बंद झाला की नाही, हे पाहायला तिथला अधिकारी येणार नाही. ते काम कोणाचं, हे प्रत्येक दुकानात आणि साईटवर आधीच ठरलेलं हवं.