चाक कोणाच्या बोटाखाली?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

उन्हाळ्यात साखरशेतला गेलो होतो. भाचा लॅपटॉपला माउस जोडून वारली चित्रांचं एक पान उघडून बसला होता. चाक फिरवलं की पान खाली सरकायचं सोडून चित्रच मोठं व्हायचं, उलट फिरवलं की लहान. खालचा मजकूर काही वर येईना. तो म्हणाला, "मामा, माउस बिघडलाय." आणि मग हळूच, "का माझंच चुकतंय?"

माझं भांडण आहे ते या दुसऱ्या वाक्यासाठी. चूक पान बनवणाऱ्याची, आणि ओशाळतो कोण, तर वाचणारा!

आधी माझी कबुली. २००३ साली फ्लॅश प्लेअर ७ आला आणि ॲक्शनस्क्रिप्टमध्ये माउसचं चाक 'ऐकता' येऊ लागलं. मी लगेच तारपा नाचाचं एक प्रेझेंटेशन केलं. चाक फिरवा, नाचणारे फिरतात. काय खूश होतो मी! ही सोय फक्त विंडोजवर होती. मॅकवाल्या मित्राकडे नाचणारे ढिम्म उभे. त्यालाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपला, खोड मात्र राहिली. आता तेच जावास्क्रिप्टमध्ये करतात. विंडोजमध्ये चाकाचा एक खटका म्हणजे १२० हा आकडा. टचपॅड मात्र एका सरकवण्यात असे बारीक बारीक कितीतरी संदेश पाठवतो. स्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येक संदेशाला 'एक खटका' समजतो, आणि बोट जरा हललं की चित्र पार आभाळात. २०१९ मध्ये क्रोम ७३ ने सबंध पानावर लावलेल्या अशा स्क्रिप्टना पान अडवायला आपणहून मनाई केली. तरी मुद्दाम एक ओळ लिहून ती मनाई उठवणारे आहेतच.

कोणी म्हणेल, नकाशा मोठा करायला चाक सोयीचं असतं की! असतं ना. मग आधी नकाशावर क्लिक करू द्या, किंवा कंट्रोल दाबून चाक फिरवू द्या. बाजूला अधिक-उणेची बटणं ठेवा. आलेले बारीक आकडे साठवून खटक्याएवढे झाले की मगच हला. आणि चित्र पुरतं मोठं झालं की चाक पानाला परत द्या. चार ओळींचं काम आहे, पण कंटाळा!

तारपा नाचात तारपेवाला सूर बदलतो आणि नाचणारे पावलं बदलतात. पानावर तारपा वाचणाऱ्याच्या हातात असतो. आपण नाचायचं, त्याचा तारपा हिसकावून घ्यायचा नाही.

भाच्याला सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही रे." उजवीकडची पट्टी माउसने धरून त्याने पान खाली ओढलं आणि वाचायला लागला.

असो. तुमच्या ब्लॉगवर असलं काही लावलं असेल, तर आजच काढा.