मगजातली कोणती पेशी?

सिकलसेल म्हणजे काय, हे विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ‘स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, मुलगा कायमचा बरा होईल’ असे कोणी म्हटले की आईबाप दागिने मोडायला निघतात. असाच एक कागद घेऊन एक ताई आमच्याकडे आल्या. त्यावर ‘मेसेन्कायमल’ असा शब्द होता. आम्ही त्यांना पैसे भरू नका म्हणालो.

हाडाच्या मगजात दोन वेगळ्या मूलपेशी असतात. एक रक्त तयार करते. दुसरी, मेसेन्कायमल, हाड, कूर्चा, चरबी तयार करू शकते, रक्त नाही. सिकलसेलमध्ये बिघाड रक्तातच आहे, तेव्हा ही दुसरी कितीही टोचली तरी तो जाणार नाही.

ती निरुपयोगी आहे असे मात्र नाही. १९९१ मध्ये अर्नॉल्ड कॅप्लन यांनी तिला हे नाव दिले आणि २०१७ मध्ये त्यांनीच ‘नाव बदला’ म्हटले. कारण शरीरात ती नवा अवयव घडवत नाही, रासायनिक संदेश सोडून सूज आणि प्रतिकारशक्तीचा भडका शांत करते. मगज बदलल्यावर कधी दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. स्टेरॉइडनेही न आवरणाऱ्या अशा मुलांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये या पेशींच्या औषधाला मंजुरी दिली. कागदावर मात्र सिकलसेल, लकवा, मधुमेह, सगळेच होते!

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंजुरी नसलेला मूलपेशी उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतो. कोणी ‘चाचणी आहे’ म्हणाले तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. वर पैसेही मागितले तर उठून या.

सिकलसेल मुळातून बरा करणारा जुना मार्ग म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचे प्रत्यारोपण. १९८४ पासून त्याची नोंद आहे. जिवाला धोका असतो, खर्च मोठा, आणि जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड वाहक असले तरी चालते. आमचा राग इथे आहे: हे आईबापांना दवाखान्यात सांगायला हवे, ते सांगत नाहीत, आणि ती जागा कागद वाटणारे भरतात.

ताईंच्या मुलाची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे. ती थांबवायची नाही. त्याला एक धाकटी बहीण आहे. तिची एचएलए तपासणी कुठे होईल, हे विचारायला येत्या सोमवारी आम्ही ताईंबरोबर सरकारी रुग्णालयात जात आहोत.