कल्याणमित्रता आणि आपले छोटे उद्योग

शिकलेल्या मुलाने नोकरीच धरावी, ही आमच्या पिढीची समज होती. वर्गात इतिहास शिकवताना आम्हीही ती कळत-नकळत मुलांच्या मनावर बिंबवली, हे आज कबूल केले पाहिजे. आता नोकऱ्यांची वाट अरुंद झाली आहे. या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी फॅब्रिकेशन, छपाई, केटरिंग, विद्युत कंत्राटे अशा व्यवसायांत उतरले आहेत. त्यांच्याकडे हुन्नर आहे, कष्टाची तयारी आहे. उणीव आहे ती नातेसंबंधांच्या पाठबळाची.

धंदा भांडवलावर चालतो, हे अर्धेच सत्य आहे. घाऊक व्यापारी महिनाभराच्या उधारीवर माल देतो, तो ओळखीच्या शब्दावर. कोठे काम निघणार आहे, कोण वेळेवर पैसे देतो, कोण बुडवतो, ही माहितीही ओळखीतूनच मिळते. व्यापारी समाजांनी हे जाळे पिढ्यान्‌पिढ्या विणले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला त्यात शिरकावच नव्हता. 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी शेअर-व्यवहारासंबंधी सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले व पेढी बंद करावी लागली. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान असूनही विश्वासाचे दार जातीने बंद केले.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फॅब्रिकेशनचे वर्कशॉप टाकले, तेव्हा शेजारच्या कारखानदाराला उधारीवर मिळणारे लोखंड त्याला मात्र रोखीनेच घ्यावे लागे. त्याला सावरले ते वसतिगृहातील सोबत्यांनी. एकाने आपल्या घराच्या खिडक्यांच्या जाळ्यांचे पहिले काम दिले. बँकेत असलेल्या दुसऱ्याने कर्जाची कागदपत्रे नीट करून दिली. आज त्याच्या हाताखाली सहा कामगार आहेत.

शासनाची धोरणे आहेत, पण त्यांनाही नेणारा हात लागतो. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण 2012 पासून आहे. प्रत्यक्ष खरेदी या लक्ष्याच्या बरीच मागे राहिली आहे. नोंदणी कशी करावी, निविदा कशी भरावी, हे सांगणारा जवळचा माणूस नसेल, तर हक्क कागदावरच राहतो. 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे 'डिक्की' हे चेंबर उभे राहिले, ते याच गरजेतून.

येथे आपल्या समाजाचा दोषही सांगितला पाहिजे. आपल्या माणसाच्या दुकानात आपण 'आपलाच आहे' म्हणून सवलत मागतो, उधारी थकवतो आणि रोख पैसे घेऊन दुसरीकडे जातो. याला आपलेपणा म्हणता येणार नाही. हा त्याच्या धंद्याच्या मुळावर घातलेला घाव आहे. उलट, निकृष्ट मालही आपल्या माणसाचा म्हणून घ्यावा, असेही आम्ही म्हणत नाही. उद्योजकाने चोख माल द्यावा, ग्राहकाने चोख पैसे द्यावेत. नाते यावरच टिकते.

तथागतांनी दीघजाणू या गृहस्थाला ऐहिक कल्याणाच्या चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समतोल उपजीविका. पहिल्या दोन आपण मुलांना शिकवतो. तिसरी आपण केवळ विहारापुरती ठेवली; ती बाजारपेठेतही नेली पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. स्नेहमेळाव्यात केवळ आठवणी काढून पांगू नका. कोण कोणता व्यवसाय करतो, याची एक सूची करा. सुरुवात करणाऱ्याला पहिले काम द्या, एक अनुभवी मार्गदर्शक द्या आणि त्याचे बिल वेळेवर चुकते करा. मात्र हे जाळे आपल्यापुरते बंद ठेवू नका. ज्या भिंतीने आपल्याला बाहेर ठेवले, तशीच दुसरी भिंत आपण बांधायची नाही. पालकांनीही मुलगा किंवा मुलगी धंदा करू म्हणाली, तर ते अपयश मानू नये.

एका पंगतीत जेवलेल्या, एका खोलीत अभ्यास केलेल्या मुलांचे नाते हे या शाळेने दिलेले भांडवल आहे. ते पडून राहू नये, एवढीच अपेक्षा.

जयभीम!