आधीं निदान, मग औषध

आमच्या एका विद्यार्थ्यानें लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास यूएसबीचा वायफाय अ‍ॅडॅप्टर जोडला. पण तो कांहीं केल्या चालेना. तेव्हां कोठून तरी मिळालेल्या आज्ञा, अर्थ न समजतां, त्यानें ‘सुडो’च्या अधिकारानें एकामागून एक दिल्या. परिणामीं जें चालत होतें तेंही बंद पडलें, आणि वडील म्हणाले, “हें यंत्रच टाकाऊ!”

आमच्या मतें दोष यंत्राचा नव्हे, घाईचा होय. नाडी पाहिल्यावांचून वैद्य मात्रा देत नाहीं. येथेंही प्रथम ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी; म्हणजे उपकरणाचा निर्माता व प्रकार दर्शविणारे चार चार चिन्हांचे दोन क्रमांक दिसतात. वेष्टनावरील नांवापेक्षां ते अधिक विश्वसनीय. टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन या एकाच नांवाच्या अ‍ॅडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तींत एआर ९२७१ ही चिप आहे, तर दुसरींत आरटीएल ८१८८ ईयूएस. एकीचा ड्रायव्हर दुसरीस निरुपयोगी. त्यानंतर ‘डीमेसग’नें कर्नलची नोंदवही वाचावी. या मुलाच्या नोंदवहींत, फर्मवेअरची फाईल सांपडली नाहीं, असें पहिल्या दिवसापासून स्पष्ट लिहिलेलें होतें! ती बसवितांच काम झालें. बिघडविलेलें सुधारण्यास मात्र दोन दिवस लागले.

न समजलेली आज्ञा देणें म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणें होय. म्हणून पालकहो, यंत्र सुरू झालें कीं नाहीं एवढेंच मुलांस विचारूं नका. तें कां बंद पडलें होतें, हेंही विचारा.